घरट्याच्या काठावर

थोरल्या भावाशी लेकीने कित्येक वर्षं अबोला धरला होता. ती पक्ष्यांचा अभ्यास करायची, घरी सापडायची नाही. म्हणून तिची समजूत घालायला आई थेट तळ्यावरच येऊन थडकली.

"भावंडांत चालायचंच गं. लहानपणीचं कोण एवढं धरून बसतं?"

लेकीने तिला तिपाईवरच्या दुर्बिणीपाशी बसवलं.

"अगंबाई, करकोचा!"

"बगळा, आई. उडताना मान दुमडून घेतो तो बगळा. करकोचा ताठ धरतो."

"असेल बाई. मला सगळे सारखेच. अगं, पण ते मोठं पिल्लू धाकट्याला टोचून टोचून रक्त काढतंय! ह्यांची आई कुठे उलथलीय?"

"ती काय, घरट्याच्या काठावर. पिसं साफ करतेय."

"मग दोन ठेवून द्याव्यात की मोठ्याला!"

"बगळ्यांची आई मध्ये पडत नाही," लेक म्हणाली. "आधी मला वाटायचं, तिला दिसतच नसेल."

आई बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून बसली. थोरल्याचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. निघताना पिशवी उचलत, खाली बघूनच तिने विचारलं,

"फार लागायचं का गं?"