ज्योत खाली येत नाही

"ज्योत खाली येत नाही, तेवढं बघ. बाकी कशाला हात लावू नकोस," एवारिस्तो म्हणाला. अनीबाल आत येताच त्याने दाराला पुन्हा कुलूप घातलं आणि किल्ल्यांचा जुडगा पट्ट्याला अडकवला.

अनीबाल दूर दक्षिणेच्या टोकाला असलेल्या रिओ गायेगोस गावातला गॅस-मिस्त्री. जुलै म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, त्या कडाक्यात त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, पण भरदिवसा आतून कुलूप लावणारं घर त्यानेही पहिल्यांदाच पाहिलं. स्वयंपाकघरातला बॉयलर जाळीच्या पिंजऱ्यात, पिंजऱ्याला कुलूप. तापमानाचं बटण लोखंडी पेटीत, पेटीलाही कुलूप. ओट्याशी एवारिस्तोची बायको देल्फिना मान खाली घालून बटाटे सोलत होती. नवऱ्यापेक्षा बरीच लहान दिसत होती.

"काका, हे घर आहे की तुरुंग?" अनीबालने हसत विचारलं.

"काम कर लेका," एवारिस्तो म्हणाला आणि पिंजरा उघडून दिला.

अनीबालने झाकण काढून व्हॉल्व्हला मीटर लावला. हा व्हॉल्व्ह नुसता चालू-बंद होणारा नव्हता. खोली तापत जाईल तशी ज्योत हळूहळू बारीक करायची, हे त्याचं काम. इथे मात्र ज्योत धडाडून पेटलेली आणि घरात भट्टीसारखा उकाडा. त्याने व्हॉल्व्हला वायरीतून येणारा इशारा हाताने कमी करून पाहिला, तशी ज्योत मुकाट खाली बसली. म्हणजे व्हॉल्व्ह बिचारा ठीक होता. त्याला वरून हुकूमच चुकीचा येत होता.

एवारिस्तो संडासाला गेला. त्याबरोबर देल्फिना झटकन जवळ आली.

"भाऊ, मला इथून बाहेर काढा. तुमच्या पाया पडते. हा माणूस मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाही. पिएद्राबुएनाला माझी बहीण आहे, तिच्याकडेसुद्धा नाही. मी इथेच मरेन हो."

अनीबालला आपल्या घरचं आठवलं. त्याची धाकटी बहीण असल्याच एका नवऱ्यापायी खंगून गेली होती, आणि तेव्हा घरच्यांनी, त्यानेही, तोंडातून ब्र काढला नव्हता.

म्हातारा परत आल्यावर त्याने सहज विचारल्यासारखं केलं. "काय हो काका, ताईंना जरा मोकळ्या हवेत का जाऊ देत नाही?"

"ती घरात असली की मला झोप लागते," एवारिस्तो म्हणाला. "ती बाहेर आणि मी आत, हे नको रे बाबा."

संशयाने पोखरलाय मेला, अनीबाल मनात म्हणाला आणि वायरचा माग काढत भिंतीपर्यंत गेला. खोलीची ऊब मोजणारा सेन्सर खिडकीच्या बरोबर खाली होता आणि खिडकी उघडी. आमच्याकडे हा रोग घरोघरी. गॅस स्वस्त, त्यामुळे उकडलं की बटण कमी करायचं सोडून लोक खिडकी उघडतात. गार वारा सेन्सरवर पडतो, त्याला वाटतं घर गोठलं, आणि तो ज्योत आणखी वाढवायला सांगतो.

"खिडकी बंद ठेवा काका, बाकी काही बिघडलेलं नाही."

"नाही जमणार. बंद केली की माझं डोकं दुखतं."

बॉयलरचा धूर घरात कोंडला तर आधी डोकं दुखतं आणि मग माणूस झोपेतच जातो, म्हणून डोकेदुखी म्हटल्यावर कुठलाही गॅस-मिस्त्री कान टवकारतो. अनीबालने ज्योत तपासली, स्वच्छ निळी होती. धुराच्या नळीच्या तोंडाशी काडी धरली, धूर सरळ वर ओढला गेला. कुठे खोट नव्हती. बायकोला कोंडायचं आणि वर स्वतःच्या डोक्याचे लाड! त्याचं टाळकं सटकलं.

"मग डोकेदुखीचं मला कंपनीला कळवावं लागेल. ते लाल पट्टी लावून गॅस तोडतील. बसा मग वसंतापर्यंत कुडकुडत."

एवारिस्तोचा चेहरा पडला. त्याने बायकोकडे पाहिलं. "तू कुठे जाणार नाहीस ना?"

"मी कुठे जाणार? किल्ल्या तुमच्याकडे," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने मान डोलावली. अनीबालने खिडकी लावून चांगली स्क्रूने आवळून टाकली. पेटीतलं बटण नीट बसवायला म्हणून किल्ल्या मागून घेतल्या. ज्योत अलगद खाली आली. घर बेताचं उबदार झालं, जेवणं उरकली होती, सगळं गाव दुपारची झोप काढत होतं. एवारिस्तोही खुर्चीत मातेचा कडू चहा पितापिता पेंगला आणि घोरायला लागला.

जुडगा अनीबालच्या मुठीत होता. म्हातारा उठला आणि त्याने बोंब मारली तर परवाना जाणार, हे त्याला कळत होतं. तरी त्याने देल्फिनाला खूण केली आणि आवाज न करता दार उघडलं.

"शाल घेते," ती पुटपुटली आणि परत आत पळाली.

"अहो ताई, राहू द्या ना शाल!"

थोड्या वेळाने ती धापा टाकत आली, नुसत्या स्वेटरवर. म्हातारा मागे लागू नये म्हणून अनीबालने दाराला बाहेरून कुलूप घातलं, जुडगा खिशात टाकला आणि तिला गाडीत बसवलं.

स्टँडवर कळलं, बस सकाळीच गेली. आता तिला मागे फिरवणार कशी? अनीबालने मनाचा हिय्या करून गाडी थेट पिएद्राबुएनाच्या रस्त्याला घातली. सगळ्या वाटेत देल्फिना डोळे मिटून बसली होती. अंधार पडल्यावर बहिणीचं फाटक आलं. निदान हिला तरी सोडवलं, ह्या विचाराने त्याला भरून आलं.

"आत पळा ताई, गारठा आहे. शाल सापडली नाही वाटतं?"

"सापडली की. बॉयलरच्या धुराच्या नळीत अगदी घट्ट बसली," देल्फिना उतरताउतरता म्हणाली. "पहिल्या नवऱ्याच्या वेळी नुसती वर्तमानपत्रं होती हो भाऊ, आणि खिडकी आवळून द्यायला तुमच्यासारखं कुणी नव्हतं."