मडक्यातला स्पीकर

माझ्या जीपमधला टेप पत्रा बडवल्यासारखा वाजायचा. मोठा स्पीकर घेणं परवडत नव्हतं, म्हणून जुनाच स्पीकर मडक्याच्या तोंडावर बसवला. ढोलकी थेट छातीत घुमू लागली.

मडकं मला तलावाच्या पाळीवर, विझलेल्या सरणाजवळ मिळालं होतं.

बायको म्हणाली, "ते तिथंच फोडाचं रायते. तुमी कायले आनलं?"

"त्याईनं नाही फोडलं. आता ते माह्यं हाय."

दुसऱ्या दिवशी नाकाडोंगरीच्या रस्त्यावर, गाणं चालू असतानाच, मडक्यातून माझ्या रोजच्या प्रवाशाचा, टिकारामचा आवाज आला, "फाट्यावर उतरतो मी." टिकाराम माझ्या शेजारी तोंड मिटून बसला होता. फाटा आला तेव्हा त्यानं तेच शब्द, त्याच सुरात उच्चारले आणि तो उतरला.

"बोल लेका, किती बोलतं ते," मी मडक्याला म्हटलं. "मी काही तुले फोडत नाही."

पुढं डोंगराचा उतार होता. तो दिसू लागला आणि मडक्यातून माझाच आवाज आला, घाबरलेला.

"ब्रेक लागून नाही राहिला."

तपासायला मी थांबलो नाही. गाण्याचा आवाज पुरता वाढवला आणि जीप उताराला घातली.