गवत चुकवणारा गळ

“शिसं आणि लेकरू एका छपराखाली नको गं, पोरी,” मिस वांडा म्हणाली होती. सासूचं हे बोलणं कॅलीने तेव्हा हसण्यावारी नेलं. “मिस वांडा, तुमचा रॉयस तर शिसं वितळवायच्या भांड्याशेजारीच वाढला की!”

आता ओपल तीन वर्षांची झाली होती, आणि कॅलीचं हसू केव्हाच आटलं होतं.

गॅरेजच्या दाराला तिने बाहेरून जाळीचं दुसरं दार बसवून घेतलं. ओपल जाळीच्या पलीकडे, भांडं अलीकडे. मासे धरायच्या गळांसाठी शिशाचं ओतकाम झालं की कॅली कपडे बदलायची, कोपरापर्यंत हात धुवायची आणि मगच लेकीला उचलायची. तरी सोमवारी तिने पोरीला रक्तातलं शिसं तपासायला दवाखान्यात नेलंच. ओपलने सुई बघितली आणि दवाखाना डोक्यावर घेतला.

“आधी मम्मीचं काढू या हं,” नर्स डेलफिन म्हणाली. “बघ, मम्मी रडते का?”

मम्मी रडली नाही. मग ओपलनेही हात पुढे केला.

“भरलीच आहे तर तुझीही नळी पाठवते,” डेलफिन म्हणाली. “शुक्रवारी कळवते.”

शुक्रवार उजाडला. शनिवारी रॉयस यायचा होता. अठ्ठावीस दिवस नदीवर, चौदा दिवस घरी. मालाच्या बार्जा ओढणाऱ्या बोटीवरच्या माणसाचा संसार असाच तुकड्यातुकड्याने चालतो. कॅलीने मनाशी ठरवून टाकलं होतं. ओपलच्या रक्तात काही निघालं तर भांडं, साचा, सगळं तळ्यात. रॉयसच्या वडिलांचा साचा असला म्हणून काय झालं?

आणि नाही निघालं तर उद्या संध्याकाळी रॉयसच्या हातात नवा गळ.

वडिलांचा साचा जुन्या घडणीचा. त्यातून निघणाऱ्या, गळाला वजन देणाऱ्या शिशाच्या डोक्याला पुढे काही आडोसाच नसे. या बाजूला तळं गवताने भरलेलं. गळ टाकला की मासा दूरच, गवताचा भारा वर येई. रॉयस दर खेपेला दोन-चार गळ तोडून परत येई आणि म्हणे, “गवतच पकडायचं तर गाय पाळली असती!”

म्हणून कॅलीने साचाच बदलायला घेतला. दोन्ही पाकळ्यांत कानशीने समोरासमोर अर्धगोल खाच पाडली. त्यात पोलादी खिळा ठेवायचा, साचा मिटायचा, शिसं ओतायचं. खिळा उपसला की डोक्यात भोक उरतं. त्यात नायलॉनच्या राठ केसांचा कुंचला चिकटवला की गळाचं टोक झाकलं जातं. गवत त्यावरून घसरतं. माशाने चावा घेतला तरच केस दबतात.

पहिल्यांदा कोन चुकला, कुंचला टोकाच्या खालीच राहिला. दुसऱ्यांदा खिळा शिशात असा रुतला की पक्कडही हरली. मग तिने खिळ्यावर मेणबत्तीची काजळी धरली. आज सकाळी तो लोण्यातून सुरी निघावी तसा बाहेर आला.

तिने भोकात डिंक सोडून कुंचला बसवला. राहिली फक्त माशाला भुलवणारी रबराची झालर. गळाचं डोकं दातात धरलं, दोन्ही हातांनी दोरा गुंडाळायला घेतला. हे रॉयसने शिकवलेलं, त्याला त्याच्या वडिलांनी. या तळ्यावर दात म्हणजे माणसाचा तिसरा हात. बोटीवरही रॉयस शिशाच्या डोक्यांनी भरलेली बरणी घेऊन जायचा. काम नसलं की झालरी बांधत बसायचा.

हात मध्येच थांबले. मनगटं हल्ली लवकर थकायची. आठ दिवस धड झोप नव्हती, सकाळचं ऑम्लेट ताटात तसंच पडलेलं. दर खेपेला तो यायच्या आधीचा आठवडा असाच जायचा, पण यंदा जरा जास्तच झालं होतं.

रविवारी फोनवर तिने विचारलंच होतं, “जेवतोस ना रे?”

“घास उतरत नाही. पोटात नुसती कळ येते. आमची स्वयंपाकीण म्हणते, बायकोवर जीव जडलेल्या गड्यांना हेच होतं. औषध घरीच मिळेल म्हणे.”

“चावट! आणि मला काय झालंय मग?”

“तुलाही?”

“पोटात पिळवटतं. रात्रभर छताकडे बघत असते.”

मग तो हळूच म्हणाला होता, “सहा दिवस गं, कॅली. फक्त सहा.”

तेवढ्यात फोन वाजला. कॅलीने तोंडातला गळ काढून हातात घेतला. जाळीपलीकडे ओपल बाहुलीची वेणी घालत होती.

“कॅली? डेलफिन बोलतेय. ओपलचा रिपोर्ट अगदी स्वच्छ आहे.”

“देवा! डेलफिन, तुला कल्पना नाही...”

“ऐक, कॅली. तेवढ्यासाठी फोन नाही केला.” डेलफिनचा आवाज बदलला होता. “तुझ्या नळीतलं शिसं फार वर गेलंय. डॉक्टर म्हणतात, आत्ताच्या आत्ता नीघ. पोटात कळा येतात का गं तुला? जेवण? झोप? मनगटात जोर आहे ना?”

कॅलीने हातातला गळ पाहिला, शिशावर तिच्याच दातांचे ठसे होते. तिने फोन ठेवला आणि पडुका गावातल्या बोट कंपनीच्या कचेरीचा नंबर फिरवला.

“रॉयस लॅशलीची बायको बोलतेय. त्याच्या बोटीशी आत्ता संपर्क करा.”

“अहो, उद्या घरी येतोय की तो!” पलीकडचा म्हातारा हसला. “इतकी आठवण येते?”

“आठवण नाहीये हो ती,” कॅली म्हणाली. “कुणाला तरी त्याच्या खोलीत पाठवा. आधी त्याच्या तोंडात काय आहे ते काढायला सांगा. आणि बघून या हो त्याला.”