दुसरा ब्रेक

टण्ण.

त्याने स्टीलच्या पेल्यावर चमचा मारला आणि लेक स्वयंपाकघराच्या दारातून आत आली. "नमस्कार. मी शिकाऊ डॉक्टर. बसू का?"

"बसा की. खुर्ची काय माझ्या बापाची आहे?" त्याची बायको जेवणाच्या टेबलाशी पेशंट होऊन बसली होती. कपाळाला ओढणी करकचून बांधलेली. "डॉक्टर, मी वाचेन ना हो?"

"आई, तुझा पाय मोडलाय. डोकं नाही."

"पायाला बांधली असती, पण टेबलाखालचं कुणाला दिसतंय?"

लेक हसली. तोही हसला, जरा जास्तच.

परदेशातल्या एका मेडिकल कॉलेजच्या प्रवेशाची मुलाखत परवा होती. त्या देशाची माणसं शहरातल्या एका हॉटेलात येणार होती. ओळीने खोल्या, प्रत्येक दारावर एक कार्ड. कार्ड वाचायचं, घंटी झाली की आत जायचं. आत एक नट पेशंट होऊन बसलेला. त्याला वाईट बातमी सांगायची. कोपऱ्यातला परीक्षक फक्त बघत राहणार.

आपल्या देशात असलं काही नव्हतं. इथे एक परीक्षा, एक आकडा, आणि त्या आकड्याने लेकीला उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. आणखी एका देशात सरसकट सगळ्यांना आत घेत आणि वर्षअखेरीला निम्म्यांना घरी धाडत. कुठे आधी भाषा शिकून या म्हणत, कुठे आधी दुसरीच डिग्री घेऊन या.

"हेच बरं," बायको म्हणाली होती. "माझ्या पोरांना लायसन्स द्यायचं तर रस्त्यावर नेऊन बघतात. आणि माणूस कापायचं लायसन्स नुसत्या पेपरावर?"

ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. शिकणारा चुकला की तिच्या पायाशी दुसरा ब्रेक. सवय अशी की बसमध्ये बसली तरी पाय पुढे दाबला जायचा. घरात त्यावरून तिची किती टिंगल झाली असेल.

पुन्हा.

टण्ण.

"नमस्कार. बसू का?"

"बसा." या वेळी ओढणी नव्हती. कण्हणंही नव्हतं.

"तुम्हाला आत्तापर्यंत काय काय सांगितलंय?"

"साधी गाठ आहे, म्हणाले."

त्याच्या हातातला चमचा थांबला. पाय ठरला होता. मोडलेला पाय, इतकंच ठरलं होतं.

"कोण म्हणालं?" लेकीचा आवाज बारीक झाला.

"नवरा. रिपोर्ट तोच घेऊन आला. तेव्हापासून घरात माझे फार लाड चाललेत, डॉक्टर. परवा आमटीत मीठ दोनदा पडलं. दोघंही मुकाट्याने जेवले. वर म्हणतात, छान झालीय. मला कळत नाही, असं नेमकं काय आहे त्या गाठीत, की माझ्या घरात कुणी मला—"

टण्ण.

"वेळ संपली," तो म्हणाला.

"कुठे संपली?"

"संपली. आता चहा घेऊ. पोरगी दमलीय."

"अहो," बायको त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मला सांगा, माझा शिकाऊ नीट चालवत असताना मी ब्रेक मारते का?"

मुलाखत होऊ दे, मग सांगू, असं त्यानेच ठरवलं होतं. लेक नको म्हणत होती. त्याने तिला शपथ घातली होती, तीही आईचीच. आता लेक टेबलापाशी बसून त्याच्याकडे बघत होती, लहानपणी रस्ता ओलांडायच्या आधी बघायची तशी.

पुन्हा. या खेपेला घंटी वाजलीच नाही. लेक उठली, दाराबाहेर गेली, आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"नमस्कार. बसू का?"

"बसा."

"तुमच्याबरोबर कुणी आलंय?"

"आलंय. तो काय दारात. पण त्याचा काही उपयोग नाही, नुसती घंटी वाजवतो."

लेकीने खुर्ची टेबलाला वळसा घालून आईच्या बाजूला घेतली. मध्ये टेबल ठेवायचं नाही, असं तिला शिकवलं होतं. हात टेबलावर, मोकळे. तेही शिकवलेलं.

"तुमचा रिपोर्ट माझ्याकडे आहे. तो चांगला नाही."

थांबली. थांबायचंही शिकवलं होतं.

"गाठ साधी नाही. पसरलीय. पोटात... यकृतातसुद्धा."

फ्रीज घरघरत होता, तो बंद पडला. त्याने पेला छातीशी धरला होता.

"बरी होईन?"

"नाही. त्रास कमी करता येईल. तो आम्ही करू."

"हं." बायकोने टेबलावरचा एक कण बोटाने उचलला. "माझी मुलगी तिकडे शिकायला जायचं म्हणतेय, डॉक्टर. तिला जाऊ द्यायचं की थांबवायचं, एवढं सांगा."

लेकीची नजर हलली नाही.

"ते माझ्या कार्डावर नाही," ती म्हणाली.

"बरोबर. ते नसतंच." बायको हसली. मग ताठ बसून, गाडीतून उतरणाऱ्या पोरांशी बोलायची त्या आवाजात म्हणाली, "घाई केली नाहीस. नजर सोडली नाहीस. पास."

लेकीने डोकं टेबलावर टेकलं. बायको तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली, हळू, अगदी नेहमीसारखी.

तो दारात उभा होता, म्हणून टेबलाखालचं फक्त त्याला दिसत होतं. बायकोचा पाय पुढे होता, आणि ती फरशी सगळ्या ताकदीनिशी दाबत होती.