बेथियाची ऊना

"आज आरडाओरडा चालणार नाही," ड्यूगलनं काउंटरमागून सगळ्यांना दम भरला. "बेथियाच्या जिवाचा जरा विचार करा."

साऱ्या स्कॉटलंडनं आज टीव्ही लावला होता. पर्थजवळच्या त्या गावच्या कर्लिंग क्लबात तर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यात मऊ खुर्ची मात्र बेथियासाठी राखलेली. म्हातारीचे गुडघे गेलेले, जीभ शाबूत. तिची नात ऊना महिलांच्या जागतिक स्पर्धेत अंतिम सामना खेळत होती, कर्णधार म्हणून. आधी दोनदा सोनं हातातोंडाशी येऊन निसटलं होतं, आणि यंदाचं शेवटचं, असं तिनं परवाच फोनवर सांगून टाकलं होतं.

ऊना इथं कुणाला ठाऊक नाही? बेथियाची लेक लग्न करून लांब गेली, पण पोरीला दर हिवाळ्यात सुट्टीला आजीकडे धाडायची. याच क्लबाच्या बर्फावर बेथियानं तिला कर्लिंगचा जडशीळ, गुळगुळीत दगड रिंगणाकडे घसरत सोडायला शिकवलं. तेव्हा पोर दगडापेक्षा जेमतेम मोठी होती, आणि आजीपेक्षा हट्टी.

"जेवली असेल का गं?" बेथियानं विचारलं.

"सगळं जग बघतंय तिला, आणि तुला जेवणाची पडलीय," शेजारची विल्मा स्कोनवर लोणी थापत म्हणाली.

"वाळलीय बघ किती."

"छत्तिशीची बाई आहे ती, बेथिया!"

"असू दे. माझी वाळलीय."

शेवटचा डाव, तोही बरोबरीत. दोन्ही संघांचा एकेकच दगड उरला होता; शेवटी ज्याचा दगड रिंगणाच्या मध्याला सगळ्यात जवळ, तो जिंकणार. आधी ऊनाचा. ती वाकली, बर्फावरून घसरत आली आणि दगड हळूच सोडला. तिच्या संघातल्या पोरींनी ब्रशानं पुढचा बर्फ घासघास घासला. दगड दोन दगडांमधल्या फटीतून वळला आणि रिंगणाच्या अगदी मधोमध थांबला.

"आजीचाच हात!" ड्यूगल म्हणाला, आणि क्लबात टाळ्या पडल्या.

बेथियानं विल्माचं मनगट गच्च धरलं. "आता त्या दुसरीचा हुकू दे," ती पुटपुटली. "एवढं एकच."

विल्मानं चष्मा पुसायला घेतला.

समोरच्या संघाचा दगड निघाला. तो सरळ ऊनाच्या दगडावर आदळला, त्याला रिंगणाबाहेर घालवून स्वतः मधोमध बसला.

मागे कुणाच्या तरी तोंडून आवाज फुटला, तो त्यानं टोपीत दाबला. मग कुणीच हललं नाही. पडद्यावर ऊनानं हातमोजा काढला, समोरच्या मुलींशी हात मिळवला, एकीला मिठीसुद्धा मारली. बेथियाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

"चांगली खेळली गं," विल्मा म्हणाली. "फार चांगली."

"माहितेय मला. मीच शिकवलंय."

ड्यूगल व्हिस्कीचा पेला घेऊन आला. त्याच्यामागून आणखी एक जण आला, मग आणखी एक. बघता बघता बेथियासमोरचं टेबल पेल्यांनी भरून गेलं.

"अरे मेल्यांनो, एवढं कोण पिणार?"

"त्याला इलाज नाही," ड्यूगल ओशाळून म्हणाला. "आपल्या खेळाची रीतच आहे. जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पाजायची."

पडद्यावर स्कॉटलंडचा झेंडा वर चढत होता, आणि एक पायरी खाली, स्वित्झर्लंडच्या लाल जर्सीत, ऊना डोळे पुसत टाळ्या वाजवत होती.