आडवं झाड

"हे रानेतका सफरचंदाचं रोप घे, आई. उणे चाळीसलासुद्धा ढिम्म हलत नाही म्हणे," रिम्मा म्हणाली. "एकदा लावलं की विसरून जायचं."

क्रास्नोयार्स्कच्या बाजारात मे महिन्यातलं बोचरं वारं सुटलं होतं. म्हाताऱ्या क्लावदियानं रोपाकडे बघून नाक मुरडलं. "बोराएवढी सफरचंदं, तीही तुरट. कावळेच खाणार."

"खाऊ देत की! सप्टेंबरात तू माझ्याकडे सोचीला राहायला येणार. मागं तुझ्या बागेकडं बघायला आहे कोण?"

"पोरगी बरोबर बोलतेय, येगोरोव्हना," रोपं विकणारी झोया क्लावदियाला म्हणाली. "सांभाळायला नको असं झाड न्या."

क्लावदिया काठी टेकत टोपल्यांच्या मागं गेली. तिथं ओल्या गोणपाटात एक काडी गुंडाळलेली होती. ना पान, ना कोंब. "ही अंतोनोव्का ना गं?"

"तिच्या नादी लागू नका. मुठीएवढं सफरचंद देते, खरंय. पण दर ऑक्टोबरात जमिनीवर आडवी करून आकड्यांनी खिळवावी लागते. बर्फाच्या वर राहिली ती फांदी मेलीच समजा."

"मला शिकवतेस?"

वीस वर्षं नवरा-बायकोनं मिळून असंच एक झाड दर हिवाळ्यात बर्फाखाली निजवलं होतं. नवरा गेल्यावर ती एकटीच निजवायची. गेल्या ऑक्टोबरात पाय मोडून ती इस्पितळात पडली. झाड उभंच राहिलं आणि गारठून मेलं.

रिम्माचा आवाज चढला. "बाबांचं झाड गेलं, तेवढं पुरे नाही झालं? आई, हिला फळ धरायलाच पाच-सहा वर्षं लागतील! दरसाल वाकून आडवी कोण करणार?"

"मी."

"या पायानं?"

"पायानं नाही, हातानं करतात."

"आणि काढलेलं तिकीट?"

"तुझं तेवढं ठेव. माझं परत कर."

रिम्माला रडू फुटलं. क्लावदियालाही वाईट वाटलं, पण तिनं काडी काही खाली ठेवली नाही.

झोयानं गोणपाटाला सुतळी बांधली. "लाकडी आकडे आहेत माझ्याकडे. एवढ्याशा काडीला दोन पुरतील. देऊ?"

क्लावदियानं काठी काखेत मारली आणि रोप दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"दोनांनी काय होतंय? वीस दे," ती म्हणाली. "वाढणार नाही का ती?"