कविता लेकीची, आवाज आईचा

कवितांच्या स्पर्धेत चौदा नंबरचा मुलगा स्टेजवर गेला आणि तेवढ्यात संयोजक सर धापा टाकत विंगेत आले. दुभाषी बाईंचा फोन आला होता. त्यांची गाडी वाटेत बंद पडली होती आणि तासाभरात काही त्या पोचत नव्हत्या.

"आता कसं करायचं?" सर म्हणाले. "नियमच आहे, खुणांच्या भाषेतली कविता आवाजातही ऐकू आली पाहिजे. परीक्षकांपैकी एकालाही खुणा कळत नाहीत."

सतरा नंबरचा बिल्ला लावलेली मुलगी सरांच्या ओठांकडे बघत होती. तिला सगळं समजलं. तिने वळून आईकडे पाहिलं.

"मला येतात खुणा," आई बोलून गेली.

"अहो, मग देवासारख्या भेटलात की!" सर म्हणाले. "तुमचा आवाज मी कुठेतरी ऐकलाय."

"बसस्टँडवर. गाड्या मीच पुकारते."

"मग कामच झालं! फक्त एक सांभाळा. ती जे म्हणेल तेच म्हणायचं. पदरचं काही घालायचं नाही."

आईने मान डोलावली. दुसऱ्यांनी लिहून दिलेलं वाचण्यात तिची वीस वर्षं गेली होती. पण तिथे हातात कागद असायचा. खुणा ती दोनच वर्षांपूर्वी, पंचेचाळिशी उलटल्यावर, संध्याकाळच्या वर्गात बसून शिकली होती. अजून एखादी खूण हातातून निसटायची.

तिने पाण्याची बाटली उघडली, न पिताच बंद केली. पडद्याच्या फटीतून डोकावून आली. मग लेकीच्या खांद्याला हात लावून तिने खुणेने म्हटलं, "कविता दाखव ना एकदा. नुसती नजर टाकते."

"नको," लेकीने हातांनी सांगितलं.

"का गं?"

"आधी बघितलीस तर दुरुस्त करशील."

आईने बाटली पुन्हा उघडली. पंधरा नंबरने समुद्रावरची कविता म्हटली, टाळ्या घेतल्या. सोळा नंबरची मुलगी तिसऱ्या कडव्यात अडकली ती अडकलीच, आणि डोळे पुसत बाहेर आली. पुकारा झाला. आईला वाटलं होतं अजून पाच मिनिटं आहेत.

लेक मधोमध उभी राहिली. आई स्टेजच्या कडेला, माइकपाशी, तिच्याकडे तोंड करून. लेकीचे हात उठले.

"दुपार होती," आई म्हणाली. स्टँडवर गाडी पुकारावी तसा खणखणीत आवाज लागला. "टेबलावर मेणबत्ती होती. टेबलापलीकडे आई होती."

सभागृहातली चुळबुळ थांबली.

"आई म्हणाली, 'प' म्हण. ज्योत हलली पाहिजे. मी ऐकलं नाही, नुसतं पाहिलं."

 टेबल कुठलं ते आईला कळलं होतं. पुढे काय येणार तेही कळलं होतं.

"मला हातांनी सांगायचं होतं, बाहेर मुली खेळतायत."

लेकीने एक मनगट दुसऱ्यावर ठेवलं. त्यांच्याभोवती काहीतरी गुंडाळल्यासारखं केलं आणि गाठ आवळली.

"आईने माझे हात हातात घेतले," आई म्हणाली.

पहिल्या रांगेतली एक बाई गहिवरून शेजारणीकडे झुकली.

लेक थांबली. तिची नजर आईच्या ओठांवर होती. ओठ वाचायला तिला आईनेच शिकवलं होतं. छातीजवळ, बारीक, फक्त आईला दिसेल अशी तिने खूण केली, "मी हे म्हटलं नाही."

परीक्षकांच्या टेबलावरचा पिवळा दिवा लागला. एक मिनिट उरलं होतं. मधल्या परीक्षकांनी चष्मा काढला.

"काही अडचण आहे का?"

विंगेतून सर हातवारे करून विचारत होते, काय झालं म्हणून. आईने काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. त्या अख्ख्या सभागृहात खरं कळणारी माणसं दोनच होती. तिने माइकचा दांडा धरला, सोडला, पुन्हा धरला.

"माफ करा," ती म्हणाली. "मुलीचं नाही, माझं चुकलं. ती ओळ परत घेते."

लेकीने पुन्हा मनगटं जुळवली. पहिल्यासारखीच गाठ मारली, जास्त घट्टही नाही आणि सैलही नाही. मग रुमालाची, खुर्चीची खूण केली आणि ओठांवर बोट टेकवलं.

"आईने माझे हात," आई म्हणाली आणि तिला श्वास घ्यावा लागला, "माझे हात रुमालाने खुर्चीला बांधले. मी तोंडाने बोलायला शिकावं म्हणून."

 गहिवरलेली बाई ताठ बसली होती.

लेकीने मनगटावर, घड्याळाच्या जागी, बोट टेकवलं. मग तेच बोट वर केलं. रोज, एक तास.

आईने ते बोट पाहिलं. लेकीने एक तास सोडून दिला होता.

"रोज," ती माइकमध्ये म्हणाली, "दोन तास."

परीक्षक लिहीत होते. लेकीचा हात हवेत तसाच राहिला. आईचे ओठ पुन्हा हलतात का, ते ती बघत होती. ते हलले नाहीत.

मग तिने त्या बोटाशेजारी, सावकाश, दुसरं बोट उभं केलं.